लाइल हाफनरच्या कोंबड्यांचा ठराव

केडर फोर्ड, विस्कॉन्सिन
२७ एप्रिल २०११

प्रिय बर्निस हिस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं. निदान मध्येच फोन आपटता येत नाही तुला.

माझा गुडघा आता बरा आहे. नदीचं पाणी ओसरलं, पण खालच्या रस्त्यावर अजून चिखल आहे. आणि नगरपरिषदेत सध्या कोंबड्या घुसल्या आहेत. हसू नकोस. लोकांनी परसात कोंबड्या पाळायच्या की नाही, यावर गेले तीन महिने आमच्या सभा चालल्या आहेत. एवढी माणसं तर नव्या पुलाच्या वेळीही आली नव्हती. कुणी म्हणतं उंदीर येतील, कुणी म्हणतं वास येईल, आणि एक बाई घरच्या अंड्यांच्या पिवळ्या रंगावर पाऊण तास बोलल्या.

आम्ही सातजण. तिघे बाजूने, तिघे विरुद्ध. राहिले मी. माझं मत तुला ठाऊक आहे, आणि का ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. शाळेच्या बसमध्ये त्या मुली नाक धरून माझ्यापासून दोन बाकं लांब बसायच्या ते मी विसरलेले नाही. खुराड्याचा तो वास अंगावरून जायला मला वीस वर्षं लागली. गाव ते गाव आणि शेत ते शेत. अकरा वर्षं मी याच शब्दांवर निवडून येते आहे.

अवघड एवढंच की माझ्या शेजारच्या लाइल हाफनरकडे तीन कोंबड्या आहेत. लाइल म्हणजे तो पियानोचे सूर जुळवणारा आंधळा माणूस, मागे तू आली होतीस तेव्हा ज्याने माझा पियानो नीट केला तो. त्याच्या कोंबड्यांचं मला ठाऊक नव्हतं असं नाही, मधल्या उंच झुडपांच्या कुंपणाकडे मी बघत नव्हते एवढंच. पण त्याच्या पलीकडच्या डेनिस कुबिकने लेखी तक्रार दिली. डेनिस कागद गिरणीत रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. तक्रार आल्यावर नियमाप्रमाणे नोटीस गेली, तीस दिवसांत कोंबड्या हलवा म्हणून. मुदत १५ मेला संपते. नोटिशीचा ठराव मीच मांडला. कुणीतरी मांडायलाच हवा होता.

तुझ्या कानांच्या डॉक्टरने काय सांगितलं ते या वेळी खरं लिही.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
आर्डिस

—

वॉकर्स रिज, आयोवा
२ मे २०११

चि. आर्डिस हिस,
(पासष्टीची झालीस तरी मला तू चि.च.)
अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉक्टर म्हणाला, डावा कान गेला आणि उजवा निघाला आहे. झालं समाधान? शेतावर मदतीला येणाऱ्या डेलने यंत्र आणून दिलंय. ते कानात घातलं की सगळं जग पत्र्याच्या डब्यातून बोलतं. ते मी काट्या-चमच्यांच्या खणात ठेवलंय.

बसमधल्या मुलींचं म्हणतेस. त्यातल्या एकीच्या वेणीला मी डिंक लावला होता आणि आपल्या आईने मला दोन दिवस माळ्यावर झोपवलं होतं, तेही मी विसरलेले नाही. पण बाई, त्या मुली आता आज्या झाल्या. त्यांचा सूड तू कोंबड्यांवर कशाला उगवतेस?

एक विचारते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथेच अडले. नोटीस गेली म्हणतेस. नोटीस म्हणजे छापलेला कागद ना? मग त्या आंधळ्या माणसाला ती वाचून कुणी दाखवली?

मला गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून फोनवर निरोप ठेवला होता. ऐकू येत नाही म्हणून जिच्यावर उपचार चालू आहेत, तिला फोनवर निरोप. म्हणून विचारते.

इकडे पेरणी उरकत आली. मीही एक खुडूक बसवली आहे, बारा अंड्यांवर. डेल म्हणतो, मावशी, आता पुरे. मला त्याचं हे बोलणंही ऐकू येत नाही.

आशीर्वाद नेहमीचेच, थोडे कान उपटून.
बर्निस

—

केडर फोर्ड
७ मे २०११

प्रिय बर्निस हिस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं आणि ॲप्रन न सोडता लाइलकडे गेले.

कुणीही वाचून दाखवली नव्हती. ती साखरेच्या बरणीखाली होती, न फोडलेली. पाण्याचं बिल असेल असं त्याला वाटलं. बिलं त्याची भाची महिन्याच्या शेवटी येऊन बघते. बर्निस, त्या पाकिटावर पत्ता आमच्या कार्यालयातल्या मुलीने टाइप केला होता, आणि त्या मुलीचा पियानोही लाइलच जुळवतो. सातजणांनी हात वर केले, एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच, आणि मी त्याच्यापासून चाळीस पावलांवर राहते.

मी ती त्याला मागच्या पायरीवर बसून वाचून दाखवली. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला. तो चिडला नाही. त्याने एवढंच विचारलं की पंधरा मे म्हणजे कोणता वार. रविवार म्हटल्यावर तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. त्याची विनिफ्रेड ईस्टरच्या दिवसापासून खुडूक बसली आहे. भाचीने कुणा शेतकऱ्याकडून नऊ अंडी आणून तिच्याखाली घातली. पिल्लं निघायची ती पंधरा-सोळाला, आणि शेवटच्या तीन दिवसांत अंड्यांना हलवायचं नसतं, हे मी तुला काय सांगणार. नोटीस आधीच येऊन पडली होती ना, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला की ती त्यानेही वाचली नव्हती आणि विनिफ्रेडनेही.

आता पुढचं नीट वाच. मी कागदाची घडी घालत होते. बाकीच्या दोन कोंबड्या गवतात चरत होत्या. त्यातल्या एकीने बारीक, लांबट आवाज काढला, मला तो दारं-खिडक्यांच्या कुरकुरीइतकाही वाटला नाही. लाइलने हात वर केला आणि म्हणाला, "आर्डिस, वर बघ. ससाणा असेल."

मी बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. मी तसं सांगितलं, तर तो म्हणाला, थांब जरा. कोंबड्या झुडपाखाली चिकटून बसल्या होत्या, दगडासारख्या. मी मनात दहापर्यंत मोजलं असेल. मग चर्चच्या मनोऱ्यामागून एक ठिपका निघाला, मोठा झाला, आणि त्याची सावली लाइलच्या गवतावरून, माझ्या बुटांवरून सरकत गेली. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, बर्निस. मला दिसायच्या आधी ते त्या आंधळ्याला कळलं होतं, कारण त्याच्या कोंबडीने त्याला सांगितलं होतं.

मांजरासाठी त्यांचा आवाज वेगळा असतो म्हणे, ठसक्यासारखा. कुत्र्यासाठी वेगळा. दाणा सापडला की वेगळा. त्याने असे सत्तावीस ओळखले आहेत. पियानोचे सूर ओळखायला शिकलो तसंच हे, म्हणाला. जाता जाता हेही म्हणाला की माझ्या पियानोचा वरचा एक सूर उतरलाय, कुंपणापलीकडून रोज ऐकू येतं.

आणि त्याचं म्हणणं, विसाव्या दिवसाच्या सुमारास आई अंड्यांशी बोलते आणि ती आतून उत्तर देतात. आपण दोघी कोंबड्यांत वाढलो. मी कधी ऐकलं नाही. तू ऐकलंस?

मुदत वाढवून द्या म्हणून मी नगराध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, सभेशिवाय वाढवता येत नाही, पण परिषदेने जागा पाहावी हे नियमात बसतं. मात्र आम्ही चार किंवा जास्त जण एका ठिकाणी जमलो की कायद्याने ती सभाच होते, आणि सभेची सूचना गावभर लावावी लागते. म्हणून आता टपाल कचेरीच्या दारावर कागद लागला आहे: शनिवार १४ मे, सकाळी नऊ, नगरपरिषदेची जाहीर सभा, लाइल हाफनर यांचे परसदार. विषय, कोंबड्या.

लाइलला ती सूचना मी स्वतः वाचून दाखवली.

माझं मत अजून बदललेलं नाही. तुला आधीच आनंद होऊ नये म्हणून लिहिते.

जो काही लोभ शिल्लक असेल तो राहू दे.
आर्डिस

—

वॉकर्स रिज
११ मे २०११

चि. आर्डिस हिस,
आशीर्वाद.

तू विचारलंस, ऐकलं का. नाही. आपल्याला वेळच कुठे होता? अंडी गोळा करायची, पुसायची, खोक्यात लावायची. तीनशे कोंबड्यांत एकीचं बोलणं कोण ऐकणार? आई मात्र उबवणीच्या शेवटी अंडं कोमट पाण्याच्या भांड्यात सोडायची, आठवतं? आत जीव असला की ते अंडं पाण्यात आपोआप डुलायचं. तेव्हा मला ती जादू वाटायची. नंतर वाटेनाशी झाली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्या खुडूक कोंबडीचा विसावा दिवस होता. मी खुराड्यात गेले. मला म्हातारीला काय ऐकू येणार? पण एक अंडं काढलं आणि मुठीत धरलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते गालाच्या हाडाला लावलं.

आधी वाटलं माझीच शीर उडते आहे. तसं नव्हतं. टक. मग काही नाही. मग टक, टक. आतून कुणी नखाने दार वाजवावं तसं. मी कोंबडीकडे बघितलं, तर तिचा गळा हलत होता, ती बोलत होती. तिचा गळा हलायचा, थांबायचा, आणि माझ्या हाडात टक व्हायचं. पुन्हा गळा, पुन्हा टक.

आर्डिस, तीन वर्षांत माझ्याशी कुणी न ओरडता बोललं नाही. मी तिथे पेंढ्यात बसूनच राहिले. डेल शोधत आला, त्याला वाटलं मी पडले.

चौऱ्याहत्तर वर्षं झाली, त्यातली सत्तर कोंबड्यांत गेली, आणि हे मला आता कळावं. मी कुणाला सांगितलं नाही. डेलला सांगितलं की चप्पल शोधत होते.

तुझ्या सभेत त्या सहाजणांनी माना हलवून चालणार नाही. त्यांना हातात घ्यायला लाव.

तुझी,
बर्निस

—

केडर फोर्ड
१९ मे २०११

प्रिय बर्निस हिस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी ते माझ्या कोटाच्या खिशात होतं.

त्रेचाळीस माणसं आली. काही जण घरून खुर्च्या घेऊन आले होते. नगराध्यक्षांनी लाइलच्या कपडे वाळत घालायच्या खांबापाशी उभं राहून सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. डेनिस कुबिक गिरणीतून परस्पर आला होता, डोळे तांबारलेले, जेवणाचा डबा हातात.

लाइलने भाषण केलं नाही. त्याने फक्त सांगितलं की सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि एकच अंडं मी बाहेर काढीन, तेही लोकरीच्या मोज्यात. परिषदेच्या प्रत्येकाने पाच मोजेपर्यंत कानाशी धरायचं. बाकीच्यांनी खुराड्याजवळ यावं, पण पाय न वाजवता. मग त्याने विनिफ्रेडखाली हात घातला. तिने चोच मारली नाही.

तुला माहीत आहे, आमची माणसं कशी आहेत. चर्चमध्येसुद्धा कुणीतरी खोकतंच. पण त्या परसात एवढी शांतता झाली की मला नदी ऐकू आली, आणि नदी दोन गल्ल्या पलीकडे आहे. विनिफ्रेड घशातल्या घशात बोलत होती, मांजर गुरगुरतं त्याहून हळू. अंडं एकेकाच्या हातातून पुढे येत होतं आणि ज्याच्या हातात जाई त्याचा चेहरा बदलत होता. उंदरांची भीती घालणाऱ्याने पाचाच्या पुढे मोजलं, लाइलने हात पुढे केला तरी देईना. नगराध्यक्षांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी शेवटची. मोजा कोमट होता. मी तो कानाशी नेला आणि मला काहीच ऐकू आलं नाही, आणि मला इतकं वाईट वाटलं की माझी मीच चकित झाले. मग लाइलने माझं मनगट धरून विनिफ्रेडच्या जवळ नेलं. तिने आवाज केला. आणि आतून, कवचाच्या पलीकडून, जिथे अजून हवासुद्धा नीट पोचलेली नाही तिथून, बारीक चिवचिव आली. एकदा. ती पुन्हा बोलली, पुन्हा चिवचिव. प्रश्न आणि उत्तर, बर्निस. ज्याने अजून काही म्हणजे काहीच पाहिलेलं नाही, ते तिला ओळखत होतं.

लाइल माझ्या कानाशी म्हणाला, "दोन दिवसांपासून बोलताहेत. मी रात्रंदिवस दाराशी बसलोय. मला कंटाळा येत नाही."

मी ते अंडं डेनिसकडे दिलं. नियमात नव्हतं, तो परिषदेचा नाही. डेनिसने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी धरलं. मोठे हात आहेत त्याचे. बराच वेळ धरलं. परत दिल्यावर मला म्हणाला, "ऐकलं मी. मोठी नवलाची गोष्ट आहे. पण आर्डिस, सकाळी दहाला ती अंडं घालून ओरडते तेव्हा मला झोपायचं असतं."

हे तो खोटं बोलत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने खऱ्या सांगितल्या. मी दोन दिवस त्याचाच विचार करत होते.

शनिवारच्या सभेतच मुदत मतदानापर्यंत वाढवून घेतली होती. मंगळवारी सभागृहात मतदान झालं. तीन आणि तीन झाल्यावर सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. मी म्हटलं की ज्याला दिसत नाही त्याला आपण कागद पाठवला आणि काम झालं म्हणून घरी गेलो, त्या ठरावावर माझं नाव आहे, ते मला पुसायचं आहे. अकरा वर्षं मी गाव ते गाव म्हणत आले. आता मला गाव म्हणजे काय हेच नक्की सांगता येत नाही. मग मी हो म्हटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी मला दलबदलू म्हणाल्याचं ऐकू आलं. असेन.

अटी अशा: सहा कोंबड्यांपर्यंत परवानगी, कोंबडा एकही नाही, आणि झोपण्याच्या खोलीपासून लांब खुराडं. म्हणजे लाइलचं खुराडं डेनिसच्या भिंतीपासून हलवायला हवं. लाइलच्या परसात दुसरी जागा एकच, माझ्या कुंपणाला लागून, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. त्यासाठी शेजाऱ्याची लेखी संमती लागते. मी तिथेच टेबलावर सही केली. नगराध्यक्ष इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तूही हस. वासाचं काय ते मी बघून घेईन.

हलवाहलव डेनिसने केली. झोपमोड करून आला, चाकाच्या गाड्यावर खुराडं चढवलं, विनिफ्रेडला पिल्लांसकट टोपलीत घातलं.

पिल्लं सात निघाली. दोन अंडी गप्पच राहिली. लाइल सांगत होता, सातही पिल्लं पंखाखाली आल्यावरसुद्धा ती एक अख्खा दिवस त्या दोघांशी बोलत होती. थांबायची, कान द्यायची, परत बोलायची. मग उठली आणि सातजणांना घेऊन उन्हात आली. मी विचारलं, तिला कळलं का? तो म्हणाला, कळलं म्हणूनच उठली, पण तिने घाई केली नाही.

उन्हाळ्यात ये. तीन वर्षं झाली. या वेळी पेरणी, कापणी, मोटार, पाठ यांतलं एकही कारण लिहू नकोस.

पत्र लांबलं. लोभही त्याच मापाने असू दे.
तुझी,
आर्डिस

—

केडर फोर्ड
१० जुलै २०११

प्रिय बर्निस हिस,
सप्रेम नमस्कार.

घाईत लिहिते. पिल्लं मोठी झाली. त्यातल्या तीन तलंगा आणि चार नर. कालपासून चौघांनी आरवायचा सराव मांडला आहे. फाटक्या बाजासारखा आवाज आहे, पण डेनिस सकाळी कुंपणाशी येऊन नुसता उभा राहिला. ठरावाप्रमाणे चौघांना महिन्याच्या आत गावाबाहेर जायला हवं. लाइल जेवत नाही. त्याला ते कापायला द्यायचे नाहीत आणि तसं तोंडाने म्हणायचंही नाही.

मी सकाळी कॉफी घेऊन खिडकीपाशी बसते. अकरा आवाज ओळखायला लागले. ससाण्याचा बरोबर ओळखते, मांजराचा दोनदा चुकला.

तुझ्याकडे चौघांना जागा आहे का?

उत्तर लवकर दे, लोभ मागाहून दिलास तरी चालेल.
आर्डिस

—

वॉकर्स रिज
१५ जुलै २०११

चि. आर्डिस हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जागा आहे. गुरुवारी येते, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला. पिंजरा डेलने मागच्या सीटवर बसवून दिला आहे. गाडी मीच चालवणार. तो नको म्हणाला असावा, मी दुसरीकडे बघत होते.

तीन वर्षं तुला कारणं लिहिली. खरं आता लिहिते. चारचौघांत माणसं काही बोलतात, सगळे हसतात, आणि मी सगळ्यात शेवटी हसते, काय ते न कळता. ते मला सोसत नाही. घरी बसलेलं बरं वाटायचं.

पण तुझ्या लाइलला दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही, म्हणजे आमची दोघांची पंचाईत सारखीच. आमच्या मध्ये तू बस. तो काय म्हणतो ते मला कागदावर लिहून दे, आणि मी कशी दिसते ते त्याला सांग. दोन्ही खरं सांग. विशेषतः दुसरं.

चार दिवस राहीन. तुझ्या त्या खिडकीपाशी आणखी एक खुर्ची ठेव. आवाजाचं तू बघ. त्यांचे गळे मी बघेन.

बाकीचं समोरासमोर. लोभ गाडीत घालून आणते आहेच.
बर्निस